आल्या वाटेनेच परत

दिवाळीतली अभ्यंगस्नानं आटोपतात आणि महाराष्ट्रात खरी थंडी त्यानंतर पडते. पहाटेचा गारठा झोंबायला लागला की न्हाणीघराची खिडकी लावली जाते, झरोक्याच्या फटीत पुठ्ठा बसतो, एक्झॉस्टचा पंखा बंद राहतो, आतून कडी लागते आणि भिंतीवरचा गॅस गिझर पेटतो. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत काय घडू शकतं, हे हिवाळ्यातल्या वर्तमानपत्रांत वाचायला मिळतं. आंघोळीला गेलेली मुलगी बराच वेळ झाला तरी बाहेर येत नाही, हाकांना ओ देत नाही. दार तोडावं तर ती फरशीवर पडलेली आणि गरम पाण्याची धार चालूच. घरच्यांना आधी वाटतं, चक्कर आली. कुणाला वाटतं, फिट आली. मग कांदा फोडून नाकाशी धरला जातो, पायताण हुंगवलं जातं, तोंडावर पाणी मारलं जातं.

बातमीत पुष्कळदा ‘गॅसगळती’ असं छापून येतं. पण बहुतेक वेळा सिलिंडर गळत नसतो, नळीही धड असते. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तो गळला तर घरभर कळतं. इथे घडलेलं असतं वेगळंच. चार बाय पाच फुटांच्या बंद खोलीत ज्योतीला लागणारा प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. तो घशात खवखवत नाही, डोळ्यांत झोंबत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. बाहेर पडावं असं वाटेपर्यंत कडीकडे हात नेण्याचं बळ उरलेलं नसतं.

अशा वेळी वेळेवर बाहेर काढलेल्या माणसाच्या शरीरात पुढे काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. आत शिरलेला हा वायू बाहेर कसा पडतो? त्याला किती वेळ लागतो? तो वेळ कमी करता येतो का? आणि तो निघून गेला म्हणजे माणूस बरा झाला का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत चुकीचं गृहीत धरलं जातं, म्हणून तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

लोहाच्या अणूवरची जागा

आपल्या एकेका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणूवर प्राणवायूच्या एका रेणूपुरती जागा असते. फुप्फुसात ही जागा भरते, स्नायूंत, मेंदूत, हृदयात रिकामी होते. जगणं म्हणतात ते या भरण्या-रिकामं होण्यावर चाललेलं असतं.

कार्बन मोनॉक्साइड नेमका त्याच जागेवर बसतो. हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट जास्त असते. त्यामुळे हवेत हजारात एक भाग एवढाच कार्बन मोनॉक्साइड असला, तरी त्या हवेत पुरेसा वेळ राहिलेल्या माणसाचं सुमारे निम्मं हिमोग्लोबिन त्याच्या ताब्यात जातं. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिलं, की या वायूने मेलेल्या प्राण्याचं रक्त नीला आणि धमन्या, दोन्हींत सारखंच लालभडक असतं. एरवी नीलांतलं रक्त काळपट दिसायला हवं. हा वायू प्राणवायूला रक्तातून हुसकून लावतो, हे त्यांनी १८५७ मध्ये मांडलं.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. चारपैकी एका-दोन जागांवर कार्बन मोनॉक्साइड बसला, की उरलेल्या जागांवरचा प्राणवायूही हिमोग्लोबिन घट्ट धरून ठेवतं, पेशींजवळ पोचूनही सोडत नाही. रक्तक्षयाने निम्मं हिमोग्लोबिन गमावलेला माणूस थकलेला का होईना, पण हिंडू-फिरू शकतो. निम्मं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेला माणूस मात्र बेशुद्ध पडतो. फरक पडतो तो या घट्ट पकडीमुळे.

तरीही ही पकड कायमची नसते, आणि सुटकेची सगळी आशा तिथेच आहे. एसटीत रुमाल टाकून अडवलेल्या जागेवरचा माणूसही कधीतरी क्षणभर उठतो. त्या क्षणी शेजारी दोघेच उभे असतील तर तो पुन्हा तिथेच बसतो. दहा जण दाटीने उभे असतील तर जागा दुसऱ्याची होते. लोहाच्या अणूवरून कार्बन मोनॉक्साइडचा रेणू अधूनमधून सुटतो. त्या क्षणी भोवती प्राणवायूची दाटी जितकी जास्त, तितकी ती जागा प्राणवायूला मिळण्याची शक्यता जास्त. उपचाराचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे.

सुटलेला रेणू मग जातो कुठे? यकृत त्याचं फारसं काही करू शकत नाही. मूत्रपिंड त्याला गाळत नाही. घामातून तो जात नाही. शरीरातल्या कार्बन मोनॉक्साइडपैकी एक टक्क्याहूनही कमी भागाचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. बाकीचा सगळा, जसा आला तसाच, रक्ताबरोबर फुप्फुसात पोचतो, वायुकोशाचा पातळ पडदा ओलांडतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. तांबडी पेशी फुप्फुसाच्या केशवाहिनीतून जायला पाऊण सेकंद घेते. तेवढ्या पाऊण सेकंदात थोडे रेणू उतरतात, पुढच्या फेरीत आणखी थोडे. येण्याची वाट श्वासाची आणि जाण्याचीही तीच. म्हणून लिंबूपाणी, ग्लुकोज, दूध यांतलं काहीही त्याला बाहेर काढत नाही. सलाईनने रक्तदाब सावरेल, पण वायू सलाईनने निघत नाही.

घरचाच रहिवासी

ही वाट शरीराला नवी नाही. स्वीडनचे शास्त्रज्ञ टोर्ग्नी श्योस्ट्रांड यांनी १९४९ च्या सुमारास दाखवून दिलं, की धूम्रपान न करणारा, स्वच्छ हवेत राहणारा माणूसही उच्छ्वासातून थोडा कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. तो बाहेरून आलेला नसतो, शरीरातच तयार झालेला असतो.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हाताऱ्या पेशी प्लीहेत आणि यकृतात मोडीत निघतात. त्यांच्यातल्या हीम या लोहयुक्त कड्याला एक विकर तोडतं आणि त्या तोडण्यातून तीन गोष्टी निघतात : लोह, हिरवट रंगाचं बिलिव्हर्डिन आणि कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू. लोह पुन्हा वापरलं जातं. बिलिव्हर्डिनचं पुढे पिवळं बिलिरुबिन होतं. मुका मार लागल्यावर काळा-निळा डाग चार-पाच दिवसांत हिरवट आणि मग पिवळा पडतो, तेव्हा आपण हीच मोडतोड कातडीखाली डोळ्यांनी पाहत असतो. त्या डागातून कार्बन मोनॉक्साइडही सुटत असतो, तो तेवढा दिसत नाही.

अशा रीतीने निरोगी माणसाचं शरीर तासाला साधारण ०.४ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला दहा मिलिलिटरच्या आसपास हा वायू तयार करतं आणि श्वासावाटे सोडून देतं. रक्तात त्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहतं. नवजात बाळाच्या तांबड्या पेशी भराभर फुटत असतील तर त्याच्या उच्छ्वासात हा वायू वाढतो आणि कावीळ वाढणार का, याचा अंदाज त्यावरून डॉक्टरांना घेता येतो. अल्प प्रमाणात हा वायू पेशींमध्ये निरोप पोचवण्याचं कामही करतो. शरीर त्याला ओळखतं आणि रोज बाहेर काढतं. पण ही व्यवस्था दिवसाला दहा मिलिलिटरसाठी आहे. बंद न्हाणीघरात काही मिनिटांत शरीरात शिरणारा साठा त्याच्या कित्येक पट असतो.

स्वतःच्या रक्ताचा थेंब

हा साठा किती वेळात भरतो आणि किती वेळात उतरतो, याचा पहिला नीट हिशेब मांडणारा माणूस म्हणजे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याला आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, म्हणून मुलाचं नाव आपल्याकडे अधिक परिचित. पण कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या माणसांवर वडिलांचे उपकार मोठे आहेत.

१८९५ च्या आसपास थोरल्या हॉल्डेननी स्वतःवर प्रयोग केले. मोजून मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड ते नळीतून ओढत बसत आणि मधून मधून बोट टोचून रक्ताचा थेंब काढत. तो थेंब पाण्यात विरवला की निरोगी रक्ताचं द्रावण पिवळसर दिसतं. कार्बन मोनॉक्साइड असेल तर गुलाबी छटा येते. ही छटा ते कारमाइन या किरमिजी रंगाचे थेंब घातलेल्या द्रावणाशी परीक्षानळीत ताडून पाहत आणि किती टक्के हिमोग्लोबिन अडलंय, ते ठरवत. धाप कधी लागली, नजर कधी अंधुक झाली, पाय कधी डगमगले, हे ते टिपून ठेवत. रक्तातलं जवळजवळ निम्मं हिमोग्लोबिन अडेपर्यंत त्यांनी हे केलं. मग नळी बाजूला ठेवून साध्या हवेत बसायचं आणि उतरती छटा मोजत राहायचं. भरण्यापेक्षा उतरायला खूपच जास्त वेळ लागतो, हे त्यांनी स्वतःच्या बोटाच्या रक्तात पाहिलं.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १८९६ मध्ये, वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं मेली. हॉल्डेन तिथे गेले, मृतदेह तपासले. बहुतेकांना स्फोटाने मारलं नव्हतं. स्फोटानंतर बोगद्यांत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मारलं होतं. खाणीत उतरताना लहान प्राणी बरोबर न्यावा, हा सल्ला त्यांनीच दिला. लहान प्राण्याचा श्वास माणसापेक्षा कितीतरी वेगवान असतो, त्यामुळे वायू त्याच्या रक्तात आधी भरतो. कॅनरी पक्षी दांडीवरून खाली पडला, की माणसांना मागे फिरायला वेळ मिळे. आणि ज्या वेगाने वायू त्याच्यात भरतो, त्याच वेगाने तो उतरतोही. बाहेरच्या हवेत आणलेला पक्षी बऱ्याचदा थोड्याच वेळात उठून बसे. काही पिंजऱ्यांवर तर प्राणवायूची छोटी टाकीच बसवलेली होती. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली.

अर्धं व्हायला लागणारा वेळ

आज हा हिशेब मिनिटांत मांडता येतो. रक्तातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण निम्म्यावर यायला साध्या हवेत सुमारे ३२० मिनिटं लागतात, म्हणजे पाच तासांहून जास्त. समजा, बाहेर काढलेल्या माणसाच्या रक्तात हे प्रमाण ४० टक्के आहे. त्याला अंगणात खाटेवर निजवून ठेवलं, तर साडेपाच तासांनी ते २० होईल, अकरा तासांनी १० आणि ५ टक्क्यांवर यायला सोळा तास जातील. एवढे तास त्याचा मेंदू आणि हृदय प्राणवायूसाठी तडफडत राहतील.

आता त्याच माणसाला शुद्ध प्राणवायू दिला तर? अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे डॉ. लिंडेल वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदी तपासून २००० साली दाखवलं, की मास्कने पूर्ण प्राणवायू दिल्यावर निम्म्यावर येण्याचा वेळ सरासरी ७४ मिनिटं पडतो. ४० टक्क्यांवरून ५ वर यायला मग पावणेचार तास पुरतात. सरासरी मात्र सरासरीच. कुणाला याच्या निम्म्याहून कमी वेळ लागला, कुणाला दुप्पट. श्वास किती खोल आणि किती जलद चाललाय, फुप्फुसं किती निरोगी आहेत, रुग्ण वायूत किती वेळ होता, यांवर ते ठरतं. बराच वेळ वायूत राहिलेल्या माणसाच्या स्नायूंतही तो मुरलेला असतो. रक्तातला साठा उतरला की स्नायूंतला पुन्हा रक्तात येतो, म्हणून शेवटचे काही टक्के रेंगाळतात.

‘पूर्ण प्राणवायू’ म्हणजे काय, हे रुग्णाजवळ उभ्या असलेल्या नातेवाइकालाही कळायला हवं. नाकात घालायच्या दोन बारीक नळ्यांमधून तो मिळत नाही, कारण प्रत्येक श्वासाबरोबर आजूबाजूची हवा त्यात मिसळते. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा, खाली प्लास्टिकची पिशवी लोंबणारा नॉन-रिब्रीदर मास्क लागतो. पिशवीच्या तोंडाशी एक पातळ पडदी असते, ती सोडलेला श्वास पिशवीत शिरू देत नाही. बाजूच्या छिद्रांवरच्या पडद्या श्वास सोडताना उघडतात, घेताना मिटतात. मिनिटाला दहा ते पंधरा लिटर प्राणवायू सोडावा लागतो आणि पिशवी श्वासागणिक पूर्ण चपटी होता कामा नये. पिशवी चपटी, म्हणजे रुग्णाला प्राणवायू अपुरा. बेशुद्ध माणसाला श्वासनलिकेत नळी घालून तो द्यावा लागतो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि सकाळी बेशुद्ध सापडले. हेलिकॉप्टरने त्यांना काठमांडूला नेलं, पण एकही वाचलं नाही. हे ठिकाण दोन हजार मीटरहून उंचावर आहे. उंचावर हवा विरळ, म्हणजे प्राणवायूची दाटीही कमी; वायू भरायला अनुकूल आणि उतरायला प्रतिकूल. शिवाय झोपेत श्वास मंदावतो आणि डोकेदुखीची सूचना कळत नाही. काश्मीरमधल्या, दिल्लीतल्या बंद खोल्यांत पेटत्या शेगडीजवळ निजलेल्या माणसांच्या बाबतीतही हेच होतं.

दाबाखाली

प्राणवायूची दाटी मास्कपेक्षाही वाढवता येते. त्यासाठी हवेचा दाबच वाढवायचा. ही वाटही हॉल्डेननीच आधी पाहिली होती. १८९५ मध्ये त्यांनी उंदराला जाड भांड्यात ठेवलं, प्राणवायूचा दाब वातावरणाच्या दुप्पट केला आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड सोडला. उंदराचं हिमोग्लोबिन निकामी झालं, तरी उंदीर जिवंत राहिला. दाबाखाली प्राणवायू रक्ताच्या पाण्यातच इतका विरघळला, की हिमोग्लोबिनवाचून त्याचं भागलं.

याचे आकडे साधे आहेत. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे २ मिलिलिटर आणि तिप्पट दाबाखाली सुमारे ६ मिलिलिटर. विश्रांती घेत पडलेल्या माणसाच्या पेशींची गरज तेवढ्यावर भागू शकते. अ‍ॅमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बूरेमा यांनी १९६० मध्ये डुकरांचं जवळजवळ सगळं रक्त काढून त्या जागी द्रव भरला आणि दाबकक्षात त्यांना जिवंत ठेवलं. त्याच वर्षी ग्लासगोत कार्बन मोनॉक्साइडच्या रुग्णांवर दाबाखालच्या प्राणवायूचा उपयोग नोंदला गेला. तीन वातावरणांच्या दाबाखाली हा वायू निम्म्यावर यायला सुमारे २३ मिनिटं लागतात. ४० चे ५ टक्के व्हायला सव्वा तासाहूनही कमी.

मग प्रत्येकाला दाबकक्षात का घालत नाहीत? कारण दाबकक्ष थोड्याच शहरांत आहेत. तिथे पोचेपर्यंत मास्कने पुष्कळसा वायू काढून टाकलेला असतो. आणि दाबाने शेवटी किती फायदा होतो, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. मेलबर्नमध्ये १९१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही. वीव्हर यांच्या १५२ रुग्णांच्या चाचणीत, २००२ मध्ये, सहा आठवड्यांनी स्मरणशक्ती आणि आकलनाच्या तक्रारी दाबकक्षातल्या २५ टक्के आणि साध्या प्राणवायूवरच्या ४६ टक्के रुग्णांत आढळल्या. म्हणून बेशुद्ध पडलेले, हृदयावर परिणाम झालेले रुग्ण आणि गर्भवती यांच्यासाठी दाबकक्षाचा विचार होतो. पण त्याची वाट पाहत मास्क लावायला उशीर करणं, हे कधीच समर्थनीय नाही.

बोटावरचा दिलासा

कोविडच्या काळात घरोघरी आलेलं एक यंत्र इथे फसवतं. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशलहरी सोडतो आणि रक्त किती लाल आहे, यावरून प्राणवायूचं प्रमाण सांगतो. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही त्याच्या दृष्टीने लालच. म्हणून निम्मं रक्त निकामी झालेल्या माणसाच्या बोटावरही तो ९८ दाखवू शकतो. घरचे निर्धास्त होतात, गर्दीच्या कॅज्युअल्टीत कधी डॉक्टरही. रक्तातल्या प्राणवायूचा दाब मोजणारी तपासणीसुद्धा नॉर्मल येऊ शकते, कारण ती विरघळलेला प्राणवायू मोजते. खरं प्रमाण कळतं ते अनेक प्रकाशलहरी वापरणाऱ्या को-ऑक्सिमीटरने. त्यासाठी धमनीतलं रक्तच हवं असं नाही, नीलेतलंही चालतं.

इथे वेळेचा हिशेब पुन्हा आडवा येतो. वाटेत ॲम्ब्युलन्समध्ये सव्वा तास पूर्ण प्राणवायू मिळालेल्या माणसाचं प्रमाण ३० वरून १५ वर आलेलं असतं. अहवालावरचे १५ पाहून ‘सौम्य’ असा शेरा मारणं चूक ठरेल. उपचार सुरू होताच रक्त काढून ठेवलं, तर नंतर मोजूनही खरी पातळी समजते. आणि सुविधा नसेल तिथे रुग्ण कुठे, किती वेळ, कशाजवळ सापडला, ही माहिती यंत्राच्या आकड्याइतकीच मोलाची आहे.

रक्त स्वच्छ, माणूस नाही

१९७५ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांवर झालेला एक प्रयोग या विषयात वारंवार आठवला जातो. काही कुत्र्यांना कार्बन मोनॉक्साइड हुंगवला, ते तासाभरात मेले. दुसऱ्या काहींचं रक्त काढून त्यांना कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या तांबड्या पेशी दिल्या. त्यांच्या रक्तातलं प्रमाणही ६० टक्क्यांच्या आसपास गेलं, पण ते जगले. म्हणजे हिमोग्लोबिन अडणं ही अर्धीच गोष्ट. श्वासातून आलेला वायू रक्तात विरघळून पेशींच्या आत शिरतो. हृदयाच्या स्नायूंतल्या मायोग्लोबिनवर बसतो, प्राणवायूपासून ऊर्जा काढणाऱ्या विकरांना अडवतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो, आणि तिथून सुरू झालेला दाह वायू निघून गेल्यावरही चालू राहतो.

मिनिआपोलिसमध्ये मध्यम ते तीव्र विषबाधेच्या २३० रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३७ टक्क्यांच्या हृदयाला इजा झालेली होती, आणि पुढच्या काही वर्षांत मरण पावलेल्यांचं प्रमाण अशा रुग्णांत बरंच जास्त निघालं. म्हणून ईसीजी आणि ट्रोपोनिन या तपासण्या तरुण रुग्णातही टाळू नयेत.

मेंदूचं दुखणं तर अधिक फसवं. रुग्ण शुद्धीवर येतो, बोलतो, जेवतो, घरी जातो. दोन दिवसांनी ते चाळीस दिवसांपर्यंत केव्हाही, काही जणांत, दुसरी लाट येते. माणूस विसरायला लागतो, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, गप्प होतो किंवा चिडतो, चाल मंदावते, हात कापतात, लघवीवर ताबा राहत नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या ग्लोबस पॅलिडस या भागात दोन्ही बाजूंना डाग दिसू शकतात. महिन्यापूर्वीच्या न्हाणीघरातल्या प्रसंगाशी या तक्रारींचा संबंध घरच्यांना लागत नाही. कुणी ताण म्हणतं, कुणी वय. बरेच रुग्ण कित्येक महिन्यांत सुधारतात, काही पूर्ण सुधारत नाहीत.

गर्भवतीच्या बाबतीत हा हिशेब आणखी लांबतो. वायू नाळेतून बाळाच्या रक्तात सावकाश शिरतो, तिथे आईपेक्षा वर चढतो आणि उतरतोही आईच्या नंतर. आईची तपासणी नॉर्मल आली, ती हसून बोलायला लागली, तरी पोटातल्या बाळाचं रक्त मोकळं व्हायला वेळ असतो. म्हणून तिला प्राणवायू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. ‘आता बरं वाटतंय, मास्क काढा,’ असं तिने म्हटलं तरी घरच्यांनी तिला समजवायला हवं.

नव्या वाटा

श्वासाची वाट रुंद करण्याचे प्रयत्न शंभर वर्षं चालू आहेत. श्वास जोरात चालला तर वायू लवकर जाईल, या विचाराने येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि हॉवर्ड हॅगार्ड यांनी १९२० च्या दशकात प्राणवायूत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळून द्यायला सुरुवात केली. कार्बन डायऑक्साइडने श्वास खोल आणि जलद होतो. आधीच आम्ल साचलेल्या रुग्णाला तो त्रासदायक ठरेल, या भीतीने ही पद्धत मागे पडली. टोरांटोच्या संशोधकांनी तीच कल्पना सुधारून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड स्थिर ठेवत खोल श्वास घ्यायला लावणारं उपकरण बनवलं. त्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

दुसरी वाट प्रकाशाची. उजेडाने हा वायू हिमोग्लोबिनवरून सुटतो, हे हॉल्डेन आणि लॉरेन स्मिथ यांनी १८९६ मध्येच पाहिलं होतं. आता बॉस्टनमधले संशोधक उंदरांच्या फुप्फुसांवर ठराविक रंगाचा प्रकाश पाडून वायू लवकर काढता येतो का, हे तपासत आहेत. तिसरी वाट रेणूंची. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१६ मध्ये न्यूरोग्लोबिन या मेंदूतल्या प्रथिनात बदल करून कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनपेक्षाही पक्का पकडणारा रेणू तयार केला. विषबाधा झालेल्या उंदरांत त्याने तो वायू पकडून लघवीवाटे बाहेर नेला. मूत्रपिंडाची बंद वाट पहिल्यांदाच उघडली, ती अशी. माणसांसाठीचं औषध अजून यायचं आहे. आज आपल्या हातात आहे तो प्राणवायू आणि तो देण्यातली तत्परता.

आपल्याकडे काय व्हावं

ज्योतीचा गिझर न्हाणीघराच्या आत नको. तो बाहेर, वाहत्या हवेत बसवावा आणि गरम पाणी तेवढं नळाने आत यावं. हे आधी व्हायला हवं. आतला गिझर हलवणं शक्य होईपर्यंत बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवावा आणि मगच आंघोळीला बसावं. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की मेकॅनिकला बोलवावं. बंद खोलीत शेगडी, बंद गाळ्यात जनरेटर आणि विहिरीत उतरवलेलं डिझेल इंजिन हे याच वायूचे दुसरे दरवाजे आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विकत मिळतो. गिझर घेताना तोही घ्यायची सवय आपल्याला लागायला हवी.

कुणी बेशुद्ध सापडलं तर दारं-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावं. आत जाणाऱ्यानेही श्वास रोखून झटपट बाहेर यावं, कारण मदतीला गेलेला दुसरा माणूस पडल्याच्या घटनाही घडतात. श्वास थांबला असेल तर सीपीआर सुरू करावा. कांदा आणि पायताण शोधण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा. त्या गाडीत प्राणवायू असतो. घरातल्या इतरांचं डोकं दुखत असेल तर त्यांनाही तपासणीला न्यावं.

जिल्हा रुग्णालयांत को-ऑक्सिमीटर असावा आणि हिवाळ्यात ‘चक्कर’ किंवा ‘फिट’ म्हणून आलेल्या प्रत्येकाला ‘कुठे होतात?’ हा प्रश्न विचारला जावा, ही मागणी मोठी नाही. न्हाणीघरात आलेली पहिलीच फिट मिरगी समजून वर्षानुवर्षं गोळ्या सुरू राहण्यापेक्षा हा एक प्रश्न फार स्वस्त आहे. तो डॉक्टरांनी विचारला नाही तर आपण होऊन सांगावं : आत गॅस गिझर चालू होता, दार इतका वेळ बंद होतं. आणि घरी सोडताना मिळालेल्या कागदावर सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीची तारीख नसेल, तर ती मागून घ्यावी. रक्तातला वायू काही तासांत आल्या वाटेने परत जातो. त्याने आत काय मोडलं, हे कळायला मात्र काही आठवडे जावे लागतात, आणि तेवढे आठवडे घरच्यांनी त्या माणसाच्या बोलण्याकडे, चालण्याकडे आणि विसरण्याकडे नीट लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे.